ऑगस्टमधलं लेकरू आणि इंग्लंडची शाळा: एक वर्ष थांबायचं असेल तर काय करायचं, आणि नियमच बदलायला कसं लढायचं

माझी लेक ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली. म्हणजे इंग्लंडच्या हिशोबाने 4 वर्षं पूर्ण होऊन पंधरवडा होत नाही तोच तिने युनिफॉर्म घालून रिसेप्शनला (इथल्या शाळेचा पहिला वर्ग) जायचं, आणि वर्गात तिच्या शेजारचं मूल सप्टेंबरातलं असेल तर ते जवळजवळ 5 वर्षांचं. एकाच वर्गात एक वर्षाचं अंतर. चाळिशीतल्या माणसाला एक वर्ष म्हणजे काहीच नाही, पण चार वर्षांच्या पोरीला ते तिच्या आयुष्याचा चौथा हिस्सा असतं. नोव्हेंबरमध्ये नर्सरीतून तिला आणायला जायचे तेव्हा बाकीची पोरं जॅकेटची चेन लावून दारात तयार, आणि ही जमिनीवर बसून चेनचं खालचं टोक त्या खाचेत घालायचा प्रयत्न करतेय, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, आणि शेवटी तसंच उघडं जॅकेट घेऊन माझ्याकडे पळत यायची. घरी येताना बसमध्ये दुपारी 3 ला गाढ झोप, एक बूट पायात, एक माझ्या हातात.

पुण्याला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं आपल्याकडे पहिलीला सहा लागतात आणि तिथे चार वर्षांच्या पोरीची कसली शाळा. मग तिने माझ्या आजोबांचं सांगितलं. त्यांना पहिल्यांदा शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला, हात काही पोचला नाही, तर म्हणाले पुढच्या वर्षी आणा. (पुढच्या वर्षी जन्मतारीख लावली 1 जून, ती शेवटपर्यंत तशीच राहिली, तुमच्याही घरात असे एकदोन 1 जूनवाले असतीलच.) त्या गुरुजींनी मुलाकडे बघून ठरवलं होतं. मला माझ्या लेकीसाठी तेवढंच हवं होतं.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे हे आधीच सांगते, कारण स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत आणि आपल्या ग्रुपवर सगळ्यांची सरमिसळ होते.

आधी नियम नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण एका फटीत आहे

कायद्याने मूल शाळेत जायलाच हवं ते 5 व्या वाढदिवसानंतर येणाऱ्या ठरलेल्या तारखेनंतर, आणि त्या तारखा तीन आहेत, 31 डिसेंबर, 31 मार्च, 31 ऑगस्ट. ह्याला कम्पल्सरी स्कूल एज म्हणतात. 1 एप्रिल ते 31 ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं म्हणजे समरबॉर्न, त्यांची तारीख येते 31 ऑगस्ट. म्हणजे 19 ऑगस्ट 2022 ला जन्मलेलं मूल सप्टेंबर 2026 ला रिसेप्शनला *जाऊ शकतं*, पण जायची सक्ती आहे ती 31 ऑगस्ट 2027 नंतर. मधलं अख्खं वर्ष त्याला घरी किंवा नर्सरीत ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला कारण द्यावं लागत नाही.

मग अडतं कुठे? सप्टेंबर 2027 ला तुमच्या मुलाच्या वयाचा वर्ग असतो इयर वन, म्हणजे रिसेप्शननंतरचा वर्ग. म्हणजे तुम्ही थांबलात तर त्याचं रिसेप्शन सरळ बुडतं, ज्या वर्षात खेळत खेळत अक्षरं, आवाज, मोजणी, मैत्री हे सगळं होतं तेच वर्ष. 5 व्या वर्षी इयर वनऐवजी रिसेप्शनला घ्या अशी *विनंती* करता येते, हक्क नाही. ती मान्य करायची का ते शाळेची ॲडमिशन अथॉरिटी ठरवते. थांबायचा हक्क आहे, रिसेप्शनचा नाही. ही ती फट. एका काउन्सिलमध्ये (स्थानिक पालिकेत) सहज हो म्हणतात आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या काउन्सिलमध्ये नाही म्हणतात, मूल तेच, वय तेच.

आणि हे नवीन नाही. सप्टेंबर 2015 मध्ये तेव्हाचे शाळामंत्री निक गिब ह्यांनी जाहीर पत्र काढून सांगितलं होतं की समरबॉर्न मुलांना 5 व्या वर्षी रिसेप्शनला घेता यावं म्हणून ॲडमिशन कोड (शाळाप्रवेशाचे सरकारी नियम) बदलू. 2021 मध्ये नवा कोड आला, त्यात तो हक्क काही आला नाही. म्हणून आजही प्रत्येक आईबापाला एकेकट्याने पत्रं लिहावी लागतात.

एक शब्दांचा घोळ इथेच मिटवून टाका. डिफर म्हणजे सप्टेंबरऐवजी त्याच शालेय वर्षात जरा उशिरा सुरू करणं, समरबॉर्नला फार तर शेवटच्या टर्मच्या सुरुवातीपर्यंत. डिले म्हणजे पूर्ण वर्ष थांबून 5 व्या वर्षी सुरू करणं. तिसरा पर्याय पार्टटाइम, म्हणजे कम्पल्सरी वय होईपर्यंत अर्धा दिवस शाळा, आणि तो मागितला तर मिळायलाच हवा. फोनवर काउन्सिलची माणसंही हे शब्द उलटसुलट वापरतात, म्हणून मेलमध्ये दरवेळी पूर्ण वाक्य लिहा: माझं मूल 5 व्या वर्षी सप्टेंबर अमुक साली रिसेप्शनला घ्यावं.

पहिली पायरी: निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधा

इथे बरेच जण चुकतात, मीही चुकले, दोन महिने काउन्सिलशी बोलत बसले आणि नंतर कळलं आमची पहिल्या पसंतीची शाळा ॲकॅडमी (काउन्सिल नाही, ट्रस्ट चालवते अशी सरकारी शाळा) आहे. कम्युनिटी आणि व्हॉलंटरी कंट्रोल्ड शाळांचा निर्णय काउन्सिल घेते. ॲकॅडमी असेल तर तिची ट्रस्ट, आणि व्हॉलंटरी एडेड (चर्चच्या बऱ्याच शाळा ह्यात येतात) किंवा फाउंडेशन शाळा असेल तर तिचं गव्हर्निंग बोर्ड. तीन शाळा लिहिणार असाल तर तिघांचे निर्णय वेगवेगळे येऊ शकतात, तिघांना वेगवेगळं विचारा. शाळेच्या साइटवर ॲडमिशन अरेंजमेंट्स नावाचा कागद असतो, त्यात ही विनंती कशी करायची ते लिहिलेलं असणं कोडप्रमाणे बंधनकारक आहे. लिहिलेलं नसेल तर तो कागद डाउनलोड करून ठेवा, पुढे कामाला येईल.

मुलाचं ईएचसीपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी काउन्सिलने केलेला लेखी प्लॅन) असेल तर वाट पूर्ण वेगळी आहे, ते काउन्सिलच्या सेंड (विशेष गरजांच्या) टीमकडून त्या प्लॅनमधूनच होतं.

दुसरी पायरी: तारखा

प्रायमरीचा अर्ज 15 जानेवारीपर्यंत, निकाल 16 एप्रिलला. विनंतीचं पत्र मूल 4 चं होतं त्या वर्षीच्या अर्जाबरोबर किंवा त्याच्याआधीच पाठवा, मी तर म्हणेन ऑक्टोबरमध्येच, म्हणजे 16 एप्रिलच्या आत उत्तर हातात येतं. आणि नीट ऐका, *नेहमीच्या वर्षाचा अर्जही भरा.* विनंती केली म्हणून अर्ज न भरता बसलात आणि नकार आला तर हातात काहीच नाही. होकार आला की तो अर्ज मागे घ्यायचा आणि पुढच्या वर्षी 15 जानेवारीच्या आत नव्याने भरायचा. ह्या वर्षीची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत, पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत, पण उशिरा येतोय म्हणून तुमचा नंबर मागे टाकता येत नाही, हे कोडमध्ये आहे.

नकार कायम राहिला तर दोनच गोष्टी उरतात, मिळालेली जागा घ्यायची, किंवा थांबून पुढच्या सप्टेंबरला इयर वनमध्ये रिकामी जागा शोधायची, आणि चांगल्या शाळांत इयर वनला जागा क्वचितच असते. ह्या दुसऱ्या वाटेची जोखीम आधी घरात बसून बोला.

थांबलेल्या वर्षाचे पैसे हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. 3 आणि 4 वर्षांच्या सगळ्या मुलांना मिळणारे आठवड्याचे 15 फुकट तास कम्पल्सरी वयापर्यंत चालू राहतात, म्हणजे त्या जादा वर्षातही. नोकरी करणाऱ्या पालकांच्या 30 तासांना अटी आहेत, व्हिसावर असाल तर त्या आधी तपासा.

तिसरी पायरी: पत्र, आणि इथे वेळ द्या

पत्रात बहुतेक जण एकाच गोष्टीवर भर देतात, माझं मूल अजून तयार नाही. त्यावर समोरून ठरलेलं उत्तर येतं, आमचे शिक्षक सगळ्या वयाच्या मुलांना सांभाळायला ट्रेन्ड आहेत. विषय संपला. म्हणून प्रश्नच बदला. मूल 4 व्या वर्षी शाळेत जाणार नाहीये, हा निर्णय कायद्याने तुमचा आहे आणि तो झालेला आहे. अथॉरिटीने ठरवायचं ते एवढंच की हे मूल 5 व्या वर्षी दारात येईल तेव्हा त्याच्या हिताचं काय, रिसेप्शनपासून सुरुवात, की रिसेप्शन गाळून थेट इयर वन? असा प्रश्न समोर ठेवला की रिसेप्शन बुडवणं मुलाच्या हिताचं कसं हे त्यांना सांगावं लागतं, आणि ते सांगणं अवघड आहे. शिक्षण खात्याच्या सूचनांचाही सूर हाच आहे, की रिसेप्शन बुडणं मुलाच्या भल्याचं क्वचितच असतं.

कोडच्या 2.18 ते 2.20 ह्या परिच्छेदांचे नंबर पत्रात घाला. 2.19 सांगतं की निर्णय प्रत्येक मुलाची परिस्थिती बघून, त्याच्या हिताचा विचार करून घ्यायचा, पालकांचं मत, मुलाचा बौद्धिक, सामाजिक, भावनिक विकास, तब्येत, वेळेआधी जन्म झाला असेल तर ते, आणि हेडटीचरचं मत हे सगळं बघायचं, आणि निर्णयाची कारणं स्पष्ट लिहून द्यायची. म्हणजे "आमच्या काउन्सिलची ही पॉलिसी नाही" हे उत्तर चालतच नाही. मला पहिल्या फोनवर नेमकं हेच उत्तर मिळालं होतं आणि मी रडत फोन ठेवला होता, कोड वाचलेला असता तर रडले नसते.

मग मुलाचं लिहा, आणि जवळून लिहा. "ती थोडी मागे आहे" असं लिहून काही दिसत नाही. मी लिहिलं होतं की आठवड्यातून चार दिवस ती दुपारी अडीचनंतर झोपते, की टॉयलेटला जायचंय हे ती मराठीत सांगते पण नर्सरीच्या टीचरला अजून सांगत नाही आणि कपडे ओले होतात, की गटात सहापेक्षा जास्त मुलं असली की ती कोपऱ्यात जाऊन पुस्तक उघडते. चेनची गोष्टही लिहिली. नर्सरीच्या की वर्करकडून (तुमच्या मुलाकडे लक्ष द्यायला नेमलेली टीचर) अर्ध्या पानाचं पत्र घ्या, तिला रोज दिसतं तेच लिहायला सांगा. डॉक्टरचं, स्पीच थेरपिस्टचं काही हातात असेल तर जोडा, नसेल तर अडत नाही, महागडे रिपोर्ट काढत बसू नका, नुसत्या पालकांच्या म्हणण्याचाही विचार त्यांना करावाच लागतो.

आपल्या घरांसाठी एक वेगळं. घरात मराठी बोलतो हे कमीपणा म्हणून लिहू नका, "इंग्रजी येत नाही म्हणून थांबायचंय" असा अर्थ निघाला तर समोरून येतं की मग तर शाळेत लवकर आलेलंच बरं. मूल दोन भाषा शिकतंय आणि त्याला त्यासाठी वेळ मिळतोय, असं मांडा.

मूल वेळेआधी जन्मलं असेल आणि मूळ ड्यू डेट 1 सप्टेंबर किंवा त्यानंतरची असेल तर तो मुद्दा पहिल्या ओळीत यायला हवा, शेवटी नको, कारण कोडमध्ये तो नाव घेऊन आहे. ब्लिस ही वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करणारी चॅरिटी ह्यावर चांगली माहिती देते.

आकडे हवेत तर एक पुरतो. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या 2013 च्या अभ्यासात ऑगस्टमधली मुलं सप्टेंबरमधल्यांपेक्षा जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी परीक्षा) पाच विषयांत चांगल्या ग्रेड मिळवण्यात मागे होती, टक्केवारीतला फरक 6.4 चा. पण त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की मुख्य कारण परीक्षेच्या दिवशी असलेलं कमी वय आहे, आणि उपाय म्हणून मार्क वयाप्रमाणे जुळवून घ्या असं सुचवलं. म्हणून "एक वर्ष थांबलं की मार्क वाढतात" असा दावा पत्रात करू नका, समोरच्याने तो अभ्यास वाचलेला असतो.

पत्र पाठवायच्या आधी हेडटीचरला भेटा. त्यांचं मत विचारात घ्यावंच लागतं आणि दहा मिनिटं समोर बसून बोललं की बरेच हेडटीचर मोकळे होतात. भेट झाली की त्याच संध्याकाळी आभाराचा मेल करा, त्यात काय बोलणं झालं ते दोन ओळींत लिहा. तोंडी होकाराचा पुढे काही उपयोग होत नाही.

चौथी पायरी: नकार आला तर

अपील पॅनेलकडे जाता येत नाही, कारण शाळेत जागा मिळालेली आहे, फक्त तुम्हाला हव्या त्या वर्गात नाही, आणि अपीलचा हक्क तेवढ्यासाठी नाही. पण तक्रार करता येते. आधी कारणं लेखी मागा. कारणं सगळ्यांना एकच छापलेली असतील, तुमच्या मुलाचा उल्लेखच नसेल, तर तेच पकडा, 2.19 मोडलाय. काउन्सिलच्या तक्रारीच्या पायऱ्या संपल्या की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), नकार कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत. ओम्बड्समन निर्णय बदलत नाही, पण निर्णय चुकीच्या पद्धतीने घेतला असं ठरलं तर पुन्हा विचार करायला सांगतो. ॲकॅडमी असेल तर ट्रस्टची तक्रार प्रक्रिया आणि मग डिपार्टमेंट फॉर एज्युकेशन.

पाचवी पायरी: आपलं झालं म्हणून थांबू नका

आमचं काम झालं तेव्हा मला आनंद झाला आणि दोन दिवसांनी राग आला, कारण खेळायच्या ग्रुपमधल्या एका पोलिश आईला त्याच महिन्यात दुसऱ्या शाळेने नाही सांगितलं होतं आणि तिचं पोर माझ्या लेकीपेक्षा आठवड्याने लहान. तिथून आम्ही पाच आया एकत्र आलो.

सुरुवात माहितीपासून करा. फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन म्हणजे आपला माहिती अधिकारच, मेलवर फुकट होतो, उत्तर 20 कामाच्या दिवसांत यायला हवं. व्हॉटडूदेनो ह्या साइटवरून पाठवलात तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसतात. विचारा: गेल्या 3 वर्षांत 5 व्या वर्षी रिसेप्शनच्या किती विनंत्या आल्या, किती मान्य झाल्या, किती नाकारल्या, नाकारताना काय कारणं दिली, आणि पालकांकडून पुरावा मागायचे लेखी निकष काय. शेजारच्या दोन काउन्सिलनाही तेच प्रश्न, शब्दही तेच, म्हणजे तुलना करता येते. आकडे शेजारीशेजारी मांडले की कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये हेच झालं. गिव्ह देम टाइम नावाच्या पालकांच्या मोहिमेने काउन्सिलांकडे माहिती मागवली आणि जागेप्रमाणे निर्णय कसे बदलतात ते उघडं केलं. आज तिथे शाळा सुरू होताना 5 पूर्ण नसलेलं कोणतंही मूल थांबू शकतं आणि त्या वर्षाच्या नर्सरीचे पैसे सरकार देतं, ऑगस्ट 2023 पासून. नॉर्दर्न आयर्लंडने 2022 मध्ये कायदाच केला, 1 एप्रिल ते 1 जुलैच्या मुलांना एक वर्ष थांबता येतं. तिथलं सक्तीचं वय तर 4 आहे. म्हणजे होतं, मागितलं की होतं.

आता एक जागा जी फार कमी पालकांना माहीत असते. शाळा आणि काउन्सिल दरवर्षी ॲडमिशनचे नियम ठरवतात, आणि त्यात बदल करायचा असेल तर 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारीच्या मध्ये निदान 6 आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात. सप्टेंबर 2028 च्या प्रवेशाचे नियम 28 फेब्रुवारी 2027 पर्यंत पक्के होणार. म्हणजे पोटात बाळ असताना लढलात तरी लवकर नाही! त्या काळात काउन्सिलच्या साइटवर कन्सल्टेशन शोधा आणि लिहून द्या की समरबॉर्न मुलांच्या विनंत्या सरसकट मान्य कराव्यात, असं करायला कोड आड येत नाही. पाच घरांनी पाच वेगळी पत्रं लिहा, एकच मजकूर कॉपी करू नका. नियमांमध्ये विनंतीची पद्धतच लिहिलेली नसेल (तो पहिल्या पायरीतला डाउनलोड आठवा) तर स्कूल्स ॲडज्युडिकेटरकडे (प्रवेशाच्या नियमांवरच्या हरकतींचा निर्णय देणारा अधिकारी) 15 मेपर्यंत हरकत घेता येते, आणि त्याचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो.

मग काउन्सिलर. बहुतेक काउन्सिलच्या सभेत रहिवाशाला प्रश्न विचारता येतो, आधी लिहून द्यावा लागतो. प्रश्न छोटा ठेवा, आकडा एकच ठेवा, उत्तर मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) नोंदलं जातं. आमच्यापैकी जी सगळ्यात कमी बोलायची तिनेच प्रश्न वाचला, कागद हातात थरथरत होता, आणि सभागृहात त्या दोन मिनिटांत कोणी मोबाइलकडे बघितलं नाही.

खासदाराला लिहिताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड द्या, नाहीतर उत्तर येत नाही, आणि सर्जरीची (खासदार मतदारांना भेटतो ती बैठक) वेळ मागा. इथे आपल्या लोकांचं नेहमीचं, आपण व्हिसावरचे, आपल्याला कोण विचारतं. अहो, भारतीय नागरिक म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक, इथे कायदेशीर राहत असाल तर काउन्सिल आणि पार्लमेंट दोन्ही निवडणुकांत मत देता येतं, फक्त नाव नोंदवलेलं हवं. दिवाळीच्या फराळाला जमतो तेव्हा मंडळात एक टेबल मतदार नोंदणीचं लावा, फॉर्म ऑनलाइन आहे, पाच मिनिटांचं काम. सरकारी शाळेत मूल घालणं किंवा त्याबद्दल तक्रार करणं ह्याचा व्हिसाशी संबंध नाही, ही भीती मनातून काढा. पार्लमेंटच्या साइटवरच्या पिटीशनवर इथला कोणताही रहिवासी सही करू शकतो, 10,000 सह्यांना सरकार उत्तर देतं, 1,00,000 झाल्या तर चर्चेसाठी विचार होतो. पण नुसत्या पिटीशनवर भिस्त ठेवू नका, काउन्सिलच्या नियमांत एक ओळ बदलली तर तिचा उपयोग लगेच होतो.

देशभर समर बॉर्न कॅम्पेन गेली कित्येक वर्षं हेच काम करतेय, एकट्याने सुरू करण्याआधी त्यांचं वाचा.

आणि ज्यांना होकार मिळालाय त्यांच्यासाठी एक काम राहिलं. होकाराचं पत्र लसीकरणाच्या लाल पुस्तकाबरोबर फाइलमध्ये ठेवा, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. सेकंडरीला जाताना नवी अथॉरिटी पुन्हा ठरवते की मूल ह्याच वर्गाबरोबर इयर सेव्हनला (सेकंडरीचा पहिला वर्ग) जाईल की नाही, आणि आधीपासून वेगळ्या वयोगटात शिकतंय हे त्यांना विचारात घ्यावं लागतं. सेकंडरीचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत असतो, पण विनंती मूल इयर फाइव्हमध्ये असतानाच करा, कारण त्याच्या वयाची बाकी मुलं तेव्हा इयर सिक्समध्ये असतात आणि काउन्सिलचं पत्र तुम्हाला एक वर्ष आधीच येतं. ते आलं की घाबरू नका, फाइल काढा.